शब्द रुबीचा, वजन कुणाचं?

आमच्याकडे, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला, कुणी पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी स्पेस सेंटर, तिथलं आडवं टांगलेलं अवाढव्य सॅटर्न रॉकेट आणि त्याच्याखाली उभं राहून फोटो. दुसऱ्या दिवशी स्कॉट्सबरो. तिथे जायचं ते एका दुकानासाठी. विमानप्रवासात हरवलेल्या, मालकच न सापडलेल्या बॅगांमधलं सामान तिथे स्वस्तात विकायला असतं. पुण्याहून आलेल्या आमच्या मावशीने तिथे दोन तास काढले, एक स्वेटर घेतला आणि तो नक्की कुणाचा असेल या विचाराने परतीच्या वाटेवर हळहळतही बसली.

त्याच गावात एका जुन्या चर्चमध्ये एक छोटं संग्रहालय आहे, 1931 मध्ये दोन गोऱ्या मुलींच्या आरोपावरून नऊ काळ्या पोरांवर चाललेल्या खटल्याचं. पाहुण्यांना तिथे न्यावं की नाही याबाबत आमच्या घरात दोन मतं आहेत. नवऱ्याचं म्हणणं, लोक सुट्टीवर येतात, त्यांच्या डोक्याला कशाला ताप? मी नेते. मावशीलाही नेलं. मावशी पस्तीसेक वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे भिंतीवरचा मजकूर शब्दन् शब्द वाचला आणि बाहेर येऊन निकाल देऊन टाकला, "त्या दोन पोरी खोटं बोलल्या. एवढंच ना? मग दोष त्यांचा."

एवढंच नाही, असं मला वाटतं. पण 'त्यांचा दोष नाही' असंही मला म्हणायचं नाही, आणि मावशीला तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहायला घेतलंय.

25 मार्च 1931. चॅटानूगाहून मेंफिसकडे निघालेली मालगाडी. मंदीचे दिवस होते. कामाच्या शोधात पोरंटोरं फुकट मालगाडीवर चढून गावोगाव फिरायची. त्या गाडीवर काही गोरी पोरं होती, काही काळी. त्यांच्यात मारामारी झाली, बहुतेक गोऱ्या पोरांना खाली उतरावं लागलं आणि त्यांनी स्टेशनात जाऊन तक्रार केली. पुढे पेंट रॉकला बंदुका घेतलेल्या जमावाने गाडी अडवली. हंट्सव्हिलहून स्कॉट्सबरोला जाताना हे गाव वाटेत लागतं. गाडी वेगात असली तर कळतही नाही. तिथे नऊ काळी पोरं पकडली. सगळ्यात धाकटा रॉय राइट बारा-तेरा वर्षांचा. विली रॉबर्सनला गुप्तरोगाने इतकं ग्रासलेलं की धड चालता येत नव्हतं. ओलेन माँटगमेरी जवळपास आंधळा. त्यांतले बरेचसे एकमेकांना ओळखतही नव्हते.

आणि त्याच गाडीतून पुरुषी कपडे घातलेल्या दोन गोऱ्या मुली उतरल्या. व्हिक्टोरिया प्राइस एकवीस वर्षांची, रुबी बेट्स सतरा. तिथल्या तिथे आरोप झाला की या काळ्या पोरांनी आमच्यावर बलात्कार केला.

दोघी हंट्सव्हिलच्या मार्गारेट मिलमध्ये कामाला होत्या. आज या शहराला रॉकेट सिटी म्हणतात. त्या वेळी हे सूतगिरण्यांचं गाव होतं. काम आठवड्यातले मोजके दिवस मिळायचं आणि मजुरी दिवसाला डॉलर-सव्वा डॉलर. त्याच वर्षी हॉलिस रॅन्सडॉल नावाची बाई एका नागरी हक्क संघटनेसाठी इथे आली, दोघींना घरी जाऊन भेटली आणि अहवाल लिहिला. रुबीचं कुटुंब काळ्यांच्या वस्तीत राहत होतं, रंगही न लावलेल्या झोपडीवजा घरात. पोरं शेजारच्या काळ्या पोरांबरोबर खेळत. म्हणजे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत रुबी आणि तिचे शेजारी एकाच खड्ड्यात होते. फरक एकाच गोष्टीने पडत होता आणि ती गोष्ट तिला रोज उपयोगी पडत नव्हती. पडली ती पेंट रॉकच्या फलाटावर.

त्या घटकेला तिच्यापुढे काय होतं ते बघायला हवं. बंदूकधारी गोऱ्यांचा घोळका, अंगावर पुरुषी कपडे, विनातिकीट प्रवास. बायकांना अनैतिक कारणासाठी राज्याच्या सीमेपार नेण्याविरुद्ध एक संघराज्याचा कायदा होता, त्यात अडकण्याची भीती. शिवाय भटकी म्हणून तुरुंग. व्हिक्टोरियाचं नाव आधीच बदनाम होतं. त्या जमावाच्या नजरेत या दोघी एक तर वाया गेलेल्या पोरी होत्या, नाहीतर अत्याचार झालेल्या गोऱ्या लेकी. तिसरं काही होण्याची सोय नव्हती.

म्हणून मी त्यांना सोडून देते का? नाही. कारण दक्षिणेत वाढलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला एक गोष्ट पक्की माहीत होती. काळ्या माणसाविरुद्ध गोऱ्या बाईने हा एक शब्द उच्चारला की पुढे काय होतं ते. त्याच रात्री स्कॉट्सबरोच्या तुरुंगाबाहेर जमाव गोळा झाला आणि शेरीफला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं सैन्यदल, बोलवावं लागलं. रुबीला हे अनपेक्षित असेल असं मी मानायला तयार नाही. पेटलेली काडी आपण कोरड्या गंजीजवळ टाकतोय हे तिला दिसत होतं. गंजी तिने रचली नव्हती हेही तितकंच खरं.

खटले चार दिवसांत उरकले. अटकेपासून पंधरवड्याच्या आत आठ जणांना मृत्युदंड. वकील कोण, तर चॅटानूगाहून आलेला, जमीनजुमल्याची कामं करणारा एक जण आणि साथीला सत्तरीकडे झुकलेले एक स्थानिक गृहस्थ. रॉय राइटसाठी सरकारी पक्षानेच वय बघून जन्मठेप मागितली होती, तरी ज्यूरीतले बहुतेक जण फाशीवरच अडून बसले आणि एकमत न झाल्याने त्याचा खटला निकालाविना संपला.

या खटल्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आरोपींमध्येही खोटा आळ घेणारे होते. क्लेरन्स नॉरिसने साक्षीत सांगितलं की बाकीच्यांनी ते कृत्य केलं, मी नाही. रॉय राइटनेही इतरांवर बोट ठेवलं. मार खाल्लेली, धमकावलेली पोरं ती. गळ्याशी आलेलं दुसऱ्यावर ढकलायला निघाली. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "अगं, ती बिचारी घाबरलेली लेकरं!" मग मी विचारलं, "आणि रुबी?" मावशी गप्प बसली नाही, ती कधीच बसत नाही. म्हणाली, "रुबीला कुणी फाशी देणार नव्हतं."

तिचं उत्तर बिनतोड होतं आणि माझ्या मते सगळ्या जबाबदारीचा हिशोब तिथूनच सुरू होतो. खरं बोलण्याची किंमत कुणाला किती पडणार होती? नॉरिसला जीव. रुबीला काही महिन्यांचा तुरुंग आणि अब्रू. खरं बोलणं ज्याला जितकं स्वस्त, त्याचं खोटं तितकं महाग धरायचं. हा हिशोब रुबीपाशी थांबवायचा नाही मात्र. तिच्या पुढे माणसं उभी आहेत, आणि त्यांना खरं बोलणं तिच्याहून कितीतरी स्वस्तात पडलं असतं.

1932 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना धड वकीलच मिळाला नाही या कारणावरून शिक्षा रद्द केल्या. फेरखटला 1933 च्या वसंतात डिकेटरला, न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे, आणि पहिला नंबर हेवूड पॅटरसनचा. बचावाला न्यूयॉर्कहून सॅम्युएल लीबोविट्झ आले. त्यांनी कोर्टात टेबलावर त्या मालगाडीची छोटी प्रतिकृती मांडली, डबे ओळीने लावले आणि व्हिक्टोरियाला विचारलं, तुम्ही होतात ती गाडी अशीच होती ना? ती म्हणाली, ती मोठी होती, खूप मोठी. हे खेळणं आहे. हे वाचताना मला हसूही आलं आणि धडकीही भरली. बाई बिथरली नव्हती. कोर्टाला तिच्याकडून काय हवंय हे तिला नेमकं कळलं होतं. तपशील चुकले तरी चालेल, माघार घ्यायची नाही.

रुबी तोवर गायब होती. त्याआधी 1932 च्या जानेवारीत तिने एका मित्राला पत्र लिहिलं होतं, त्या काळ्या पोरांनी मला हातही लावला नाही, माझ्यापायी त्यांचा जीव जाऊ नये अशा आशयाचं. ते पोलिसांच्या हाती लागलं, मग तिने तेही फिरवलं. बचावाच्या साक्षी संपत आल्यावर डिकेटरच्या कोर्टाचा दरवाजा उघडला आणि रुबी आत आली, न्यूयॉर्कच्या कपड्यांत. तिने सांगितलं की बलात्कार झालाच नाही, तुरुंगात जायची वेळ येऊ नये म्हणून व्हिक्टोरिया सांगेल तसं मी बोलले.

सरकारी वकील थॉमस नाइट यांनी उलटतपासणीत घटनेआधी विचारलं ते कपड्यांबद्दल. हा कोट कुठून आला? पैसे कुणी दिले? तिने न्यूयॉर्कच्या एका नामांकित धर्मोपदेशकाचं नाव सांगितलं; त्याच्याकडेच तिने मन मोकळं केलं होतं. झालं. त्या कोटाने तिची साक्ष खाल्ली. पुढे सरकारी बाजूच्या दुसऱ्या वकिलाने ज्यूरीला आवाहन केलं की न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने अलाबामाचा न्याय विकत घेता येत नाही हे दाखवून द्या. ज्यूरीने दाखवून दिलं. पॅटरसनला पुन्हा मृत्युदंड.

रुबीची गोष्ट माझ्या मते इथे उकलते. 1931 मध्ये फाटक्या कपड्यातल्या, नाव खराब असलेल्या, जिला कुणी दारातही उभं केलं नसतं अशा गिरणीकामगार पोरीचा शब्द आठ माणसांना मृत्यूच्या दारात नेऊन ठेवण्याइतका जड होता. दोन वर्षांनी त्याच पोरीचा शब्द एका माणसाला सोडवायलाही पुरला नाही. जीभ तीच, शपथ तीच. वजन तिच्या शब्दाचं नव्हतंच कधी. ऐकणाऱ्यांना जे ऐकायचं होतं त्याचं ते होतं आणि त्यांनी ते काही काळ तिला उसनं दिलं होतं. तिने उलट्या दिशेने वापरायला घेतलं तसं काढून घेतलं.

मग उसन्या ताकदीने केलेल्या कामाचा दोष घेणाऱ्याचा की देणाऱ्याचा? मी म्हणते, दोघांचा, पण देणाऱ्याचा जास्त. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला देतो. रुबी मिळाली नसती तर व्हिक्टोरिया होती, ती नसती तर आणखी कुणी.

इथे एक धोका आहे आणि तो मला दिसतोय. 'बघा, बायका कशा खोट्या तक्रारी करतात' असं म्हणायला टपलेले लोक स्कॉट्सबरोचं उदाहरण खिशात घेऊन फिरतात. त्यांच्यासाठी त्याच अलाबामातली दुसरी गोष्ट. सप्टेंबर 1944, अॅबव्हिल गाव. रेसी टेलर नावाची चोवीस वर्षांची काळी विवाहित बाई रात्री चर्चमधून घरी चालली असताना गोऱ्या पुरुषांनी तिला बंदुकीच्या धाकाने पळवून नेलं आणि सामूहिक बलात्कार केला. तिने तक्रार केली, तपशील दिले. एका आरोपीने कबुलीही दिली. माँटगमेरी शहराहून रोझा पार्क्स चौकशीसाठी गेल्या. बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा सोडायला त्यांनी नकार दिला, त्या प्रसिद्ध घटनेच्या अकरा वर्षं आधीची ही हकिगत. दोन वेगवेगळ्या ग्रँड ज्यूरींनी खटला चालवायलाच नकार दिला. राज्याच्या विधिमंडळाने माफी मागितली ती 2011 मध्ये. म्हणजे अलाबामा बायकांवर विश्वास ठेवत होतं असं मुळीच नाही. ते आपल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत होतं. बाई ती सांगणारी असेल तर उत्तम.

आता रुबीच्या पुढच्या माणसांकडे वळू.

दोघी मुलींना घटनेनंतर दीड-दोन तासांत दोन डॉक्टरांनी तपासलं होतं. नाडी, श्वास ठीक. सांगितलेल्या अत्याचाराला शोभतील अशा जखमा नाहीत. एका डॉक्टरने फेरखटल्यात हे सांगितलं. दुसरा, तरुण डॉक्टर, साक्षीला आलाच नाही. न्यायाधीश हॉर्टन यांनी अनेक वर्षांनंतर सांगितलं की त्या डॉक्टरने मला एकांतात गाठलं, या मुली खोटं बोलताहेत असं माझं मत आहे म्हणाला, पण साक्ष दिली तर मला या जिल्ह्यात पुन्हा दवाखाना चालवता येणार नाही असंही म्हणाला. डॉक्टरने पुढे हे नाकारलं. हॉर्टन यांचं म्हणणं खरं धरलं, आणि मी धरते, तर मला रुबीपेक्षा हा डॉक्टर जास्त टोचतो. शिकलेला, गोरा, पुरुष, हातात पदवी. दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पाटी लावता आली असती.

आणि हॉर्टन? त्यांनी त्या डॉक्टरला साक्षीला बोलावलं नाही. त्याची कोंडी समजून घेतली. नऊ मुलांच्या जिवाचा प्रश्न असताना एका डॉक्टरच्या व्यवसायाची काळजी! पण 22 जून 1933 ला याच माणसाने ज्यूरीचा निकाल रद्द केला. व्हिक्टोरियाच्या जबानीतला एकेक मुद्दा घेऊन तो पुराव्याशी कसा जुळत नाही हे त्यांनी लिहून काढलं. तो निकाल अजूनही वाचण्यासारखा आहे. पुढच्या वर्षी निवडणुकीत लोकांनी त्यांना घरी बसवलं. त्याच वर्षी सरकारी वकील नाइट मात्र राज्याचे उपराज्यपाल म्हणून निवडून आले. अलाबामाने आपली किंमतपट्टी अशी उघड लावली होती. नवा न्यायाधीश आला, पुन्हा खटले, पुन्हा शिक्षा. 1935 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीत काळ्यांना घेतलंच जात नाही म्हणून पुन्हा शिक्षा रद्द केल्या. आक्षेप आल्यावर ज्यूरीच्या यादीत मागाहून घुसडलेली काळ्यांची नावं न्यायमूर्तींनी भिंगातून पाहिली. 1937 मध्ये चौघांवरचे आरोप मागे घेतले. ज्या आरोपाखाली चार जण आत राहिले (पाचवा पोलिसावरच्या हल्ल्यासाठी), त्याच आरोपातून चौघे बाहेर. याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मावशी परत जायच्या आदल्या रात्री म्हणाली, "आपल्याकडे असं नसतं बाई. काळा-गोरा असा भेद कुठाय?" मी तिला नाशिकचा खटला सांगितला. 2003 मध्ये नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांना जन्मठेप दिली होती, तीही वाढवून. 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जण निर्दोष ठरवले. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर घटनेवेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली. माणशी 5 लाख रुपये भरपाई.

या खटल्यात रुबी नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. खोटं रचून सांगणारी कुणी पोर इथे लागली नाही. सर्वस्व गमावलेल्या बाईने सुरुवातीला जे सांगितलं तेच बाजूला ठेवून काम भागलं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला असं आपण परीक्षेत लिहितो. गावाबाहेर पालं पडली की चोरीच्या तपासाची जीप आजही आधी कुठे वळते ते खेड्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. मावशी मूळची खेड्यातलीच. तिने विषय बदलला नाही, पण बॅग भरायला मात्र घेतली.

रुबी पुढे त्या पोरांच्या आयांबरोबर मोर्चात चालली, सभांत बोलली, वॉशिंग्टनला गेली. एखाद्या आईच्या शेजारी उभं राहताना तिला काय वाटलं असेल, आणि त्या आईला काय, याची कल्पना करायला मी धजत नाही. काही वर्षांनी ती लोकांच्या नजरेआड झाली आणि 1976 मध्ये वारली. तिने जे परत घेतलं त्याने कुणी सुटलं नाही. तरी घेतलं याला मी मोल देते, कारण ते घेताना तिला फायदा नव्हता. खोट्याने तिला वाचवलं होतं, खऱ्याने ती आपल्याच गावात शत्रू ठरली.

पोरांचं काय झालं? पॅटरसन 1948 मध्ये पळाला, मिशिगनच्या राज्यपालांनी त्याला परत पाठवायला नकार दिला, पण वेगळ्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि 1952 मध्ये तिथेच कर्करोगाने मेला. अँडी राइट सगळ्यात शेवटी, 1950 मध्ये सुटला. अलाबामा सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला गेला. वर्षभरात तिथे त्याच्यावर पुन्हा बलात्काराचा खोटा आरोप आला, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. नॉरिसला 1976 मध्ये राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांनी माफी दिली, तेच वॉलेस ज्यांनी कायम वर्णभेदाची घोषणा केली होती. पॅटरसन, अँडी राइट आणि चार्ली वीम्स यांना मरणोत्तर माफी मिळाली 2013 मध्ये.

आणि व्हिक्टोरिया. 1976 मध्ये एका टीव्ही वाहिनीने या खटल्यावर चित्रपट दाखवला आणि त्यात दोघी मुली मरण पावल्याचं सांगितलं. व्हिक्टोरिया जिवंत होती. तिने वाहिनीवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला, कोर्टात पुन्हा शपथेवर तीच जुनी गोष्ट सांगितली, खालच्या कोर्टांत हरली आणि शेवटी तडजोडीत पैसे घेतले. 1982 मध्ये ती वारली. रॉय राइट तोवर कधीच गेला होता, पॅटरसनही. तिच्या शब्दाविरुद्ध दावा लावणं त्यांच्यापैकी कुणाला परवडलं असतं, आणि कोणत्या कोर्टात?